मूठ आवळू नका राव! जालन्याच्या सळईपासून चंद्रावरच्या फटक्यापर्यंत ग्रिपची धमाल

माहीत आहे का, गोल्फचा बॉल आणि क्लबचं तोंड यांची गाठभेट किती वेळाची असते? जेमतेम अर्धा मिलिसेकंद! सेकंदाचे दोन हजार तुकडे करा आणि त्यातला एकच उचला. तेवढ्यात 'ठक्' होतं आणि बॉल पसार.

आता मेंदूचा कारभार बघा. डोळ्याला दिसलं, डोक्यात शिरलं, हाताला ऑर्डर सुटली, एवढ्याला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा सहज लागतो. तोवर प्रो खेळाडूचा ड्राइव्ह बारा-पंधरा मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे 'बॉल लागताना क्लब घट्ट धर' हा सल्ला ऐकायला झक्कास, पण अमलात आणणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

अजून एक बॉम्ब टाकू? १९६८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गोल्फच्या स्विंगचा अभ्यास पुस्तकरूपात आणला. त्यांना काय सापडलं? बॉलवर आदळताना क्लबचं डोकं जवळपास सुटं असल्यासारखं वागतं! धक्का दांड्यातून चढत हातापर्यंत येतो, तोवर बॉल निघून गेलेला असतो. त्या क्षणी दांडा तुम्ही पकडलाय की सोडलाय, याचा बॉलला पत्ताही नसतो.

मग ग्रिपवर एवढा खल कशाला? कारण धडकेच्या क्षणी क्लबचं तोंड कुठे बघणार, याचा निकाल बराचसा आधीच लागलेला असतो. स्विंग सुरू व्हायच्या आधी, बोटं दांड्यावर बसतात तेव्हा. तोंड एक अंशानं वाकडं असलं, फक्त एक, तरी २३० मीटरवर बॉल चार मीटर बाजूला. तेही सरळ उडाला तर. वर फिरकी बसली की मग शोधा झाडीत!

आणि हो, बॉल आहे फक्त ४६ ग्रॅमचा. पण त्या अर्ध्या मिलिसेकंदात त्याच्यावर सरासरी सहाशे-सातशे किलोचा जोर पडतो. बिचारा चपटा होतो, पुन्हा गोल होतो आणि तक्रार न करता उडतो.

सोने का पालना, पोलादाची पकड

'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी. आजच्या जालन्यात सोन्यापेक्षा लोखंडाचा खणखणाट जास्त. इथल्या एमआयडीसीतून निघालेल्या सळया राज्यभरातल्या स्लॅबमध्ये गाडल्या जातात. पण माहीत आहे का, सळईलासुद्धा ग्रिप लागते?

सळईच्या अंगावर त्या तिरप्या उंच रेघा असतात ना, त्या शोभेच्या नाहीत. काँक्रीट त्या रेघांना धरून बसतं. पूर्वी सळई गुळगुळीत गोल यायची. तेव्हा काँक्रीटमधून ती सटकू नये म्हणून टोकं वाकवून आकडे करावे लागत. जुना स्लॅब फोडताना ते आकडे आजही दिसतात. रेघा आल्या आणि आकड्यांची गरज कमी झाली. पकड सुधारायची तर जोर वाढवायची गरज नाही, पृष्ठभाग बदला! गोल्फवाल्यांना हे उशिरा कळलं.

पूर्वी गोल्फच्या दांड्याला चामड्याची पट्टी गुंडाळत. विसाव्या शतकाच्या मध्याला सरकवून बसवायची रबरी ग्रिप आली आणि चामडं मागे पडलं. आज नक्षीदार रबर आहेच, शिवाय रबरात सुती धागा विणलेली 'कॉर्ड' ग्रिपही मिळते. घामट हातांसाठी खास. म्हणजे मराठवाड्याच्या दोन्ही लाडक्या वस्तू, पोलाद आणि कापूस, एकाच दांड्यावर!

ग्रिप बसवतात कशी, माहीत आहे का? दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, तिच्यावर सॉल्व्हंटची धार, आणि ग्रिप सर्रकन आत. सॉल्व्हंट उडून गेलं की हलायचं नाव नाही. जुनी ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर खर्चाच्या आधी कोमट साबणपाणी आणि ब्रश घ्या. निम्म्या ग्रिप खराब नसतात, फक्त मळलेल्या असतात. (हे आमचं मत. दुकानदाराला विचारू नका, तो वेगळं सांगेल.)

आता मुंबईला चला. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची हिरवळ आहे आणि जवळच दाट वस्ती. त्या वस्तीतली कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलायचं, काम करणारी पोरं गल्लीत गोल्फ खेळतात. क्लब कुठला? बांधकामाची सळई वाकवून केलेला! मुठीच्या जागी पाइपाचा तुकडा, बॉल प्लॅस्टिकचा, होल म्हणजे गल्लीतला खड्डा. जगभरच्या मीडियानं या गल्ली-गोल्फच्या बातम्या केल्या. सळई जालन्याची होती का, ते कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं!

ग्लोव्ह खोटं बोलत नाही

हा भाग मात्र सावकाश वाचा. स्क्रोल करणाऱ्या अंगठ्याला जरा ब्रेक!

उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा हात दांड्यावर वर असतो. ग्लोव्हही त्या एकाच हातात. तो ग्लोव्ह काढा आणि उलटसुलट करून बघा. तळव्याच्या खालच्या कोपऱ्यात, करंगळीखालच्या गादीवर, चामडं घासून भोक पडलंय? मग समजा, दांडा तळहातात तिरका बसलाय आणि प्रत्येक फटक्याला हातात घसरतोय. इम्पॅक्टला क्लब डगमगण्याचं हे एक मोठं कारण. पंधरा हजारांचा नवा ड्रायव्हर घेऊन ते भोक बुजत नाही.

इलाज फुकटातला आहे. दांडा तळहाताच्या मधोमध नको, बोटांच्या मुळाशी हवा. करंगळीच्या बुडापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरपी रेघ. मग करंगळीखालची गादी दांड्याच्या वर बसवा आणि मूठ मिटा. वरून बघितल्यावर डाव्या हाताच्या दोन-अडीच गाठी दिसल्या पाहिजेत. एकच दिसते? हात डावीकडे जास्त वळलाय, क्लबचं तोंड उघडं राहणार, बॉल उजवीकडे पळणार. चार दिसतात? उलटा घोटाळा, बॉल डावीकडे वळणार.

अंगठा आणि तर्जनी मिळून जो 'व्ही' होतो, तो दोन्ही हातांचा उजव्या खांद्याच्या बाजूला बघत असला की काम फत्ते. दोन व्ही दोन दिशांना तोंडं करून बसले असतील, तर हातांची आपसातच भांडणं लागतात आणि क्लब मधल्या मध्ये मार खातो.

आणि दाब किती? जालनेकरांना एका वाक्यात सांगतो: मोसंबी हातात धरा, पण रस काढू नका. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, तेव्हा आदरानं धरा! मुख्य पकड डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. बाकीची बोटं सोबतीला.

का बरं हलकं धरायचं? मूठ आवळली की कोपरापर्यंतचे स्नायू ताठतात. ताठलेलं मनगट वळत नाही. मनगट वळलं नाही की क्लबचं तोंड वेळेवर सरळ होत नाही. म्हणजे क्लब हलू नये म्हणून आवळावा, तर नेमका त्यामुळेच तो वाकडा पोचतो. आहे की नाही उलटा न्याय? खरं 'सेटिंग' असं की सुरुवातीला जेवढा दाब, तेवढाच शेवटपर्यंत. मधेच दचकून आवळलं की खेळ खल्लास.

करंगळीचं राजकारण

गोल्फविश्वात सगळ्यात जास्त वाद कुणावर झालेत, माहीत आहे का? उजव्या हाताच्या करंगळीवर! ती ठेवायची कुठे?

पर्याय एक: डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर आडवी. हिला म्हणतात 'वार्डन ग्रिप'. हॅरी वार्डननं ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, १८९६ ते १९१४ या काळात. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. गंमत म्हणजे ही ग्रिप त्याच्या आधी जॉनी लेडले हा स्कॉटिश हौशी खेळाडू वापरत होता. पण ट्रॉफ्या जास्त वार्डनकडे, म्हणून नावही वार्डनचं. मार्केटिंग, दुसरं काय!

पर्याय दोन: करंगळी तर्जनीत सरळ गुंतवून टाका. जॅक निकलसचे हात लहान, त्यानं हेच केलं. टायगर वुड्सही याच पंथाचा. दोघांनी जिंकलेल्या मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, मोजा: १८ आणि १५. करंगळी गुंतवा आणि बिनधास्त राहा!

पर्याय तीन: दहाही बोटं दांड्यावर. टॉमी गेनी असंच धरतो आणि वर दोन्ही हातांत ग्लोव्ह घालतो. त्याचं टोपणनावच 'टू ग्लोव्ह्ज'.

पर्याय चार ऐका आणि खुर्ची धरा. सगळंच उलटं! उजवा हात वर, डावा खाली. दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा कॅडी सेवसंकर 'पापवा' सेवगोलम असा खेळायचा. कोचनं बघितलं तर कानाला हात लावावा अशी ग्रिप. पण पठ्ठ्यानं डच ओपन तीनदा मारली: १९५९, १९६० आणि १९६४. त्याला युरोपला नेणारा पाठीराखा कोण, तर 'ऑइल ऑफ ओले' क्रीमचा जनक ग्रॅहम वुल्फ. १९६३ मध्ये पापवानं नाताल ओपन जिंकली. तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. गोरे खेळाडू क्लबहाउसमध्ये बसले आणि विजेत्याला ट्रॉफी बाहेर पावसात देण्यात आली. दोन वर्षांनी त्यानं त्याच स्पर्धेत दिग्गज गॅरी प्लेअरला हरवलं. उलट्या ग्रिपनं. पुढच्याच वर्षी त्याच्यावर स्पर्धांची दारं बंद झाली. ग्रिप बरोबर की चूक, हे ठरवणाऱ्यांनी आधी हा स्कोअर बघावा.

चला, मूड बदला!

जालन्याचा ४५१ आणि ब्रॅडमनचा गोल्फ बॉल

माहीत आहे का, जालन्याच्या एका पोरानं एका डावात ४५१ धावा ठोकल्यात, त्याही नाबाद? विजय झोल, डावखुरा. २०११ साली कूचबिहार ट्रॉफीत, महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून, आसामविरुद्ध. पुढे २०१२ च्या युवा विश्वचषक विजेत्या संघात तो होता आणि २०१४ च्या स्पर्धेत तर भारताचा कॅप्टन.

आता आकड्यांची जादू. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडूनच काढलेल्या नाबाद ४४३ धावा. समोरच्या काठियावाडच्या संघानं मॅचच सोडली, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे! झोल त्यांच्या आठ पुढे. आणि डॉन ब्रॅडमनच्या १९३० मधल्या नाबाद ४५२ च्या फक्त एक मागे. (झोलचा सामना प्रथम श्रेणीचा नव्हता, हे रेकॉर्डवाल्यांनी पत्र पाठवण्याआधीच सांगून टाकतो.)

ब्रॅडमनचं नाव निघालं म्हणून: हा माणूस लहानपणी प्रॅक्टिस कशानं करायचा, माहीत आहे का? एक स्टंप आणि एक गोल्फ बॉल! घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांवर बॉल फेकायचा आणि उसळून येणाऱ्या बॉलला त्या काठीएवढ्या स्टंपनं मारायचं. त्याची बॅटची ग्रिपही पुस्तकाबाहेरची, हात आतल्या बाजूला वळवलेले. पुस्तकवाले नाकं मुरडत राहिले, सरासरी ९९.९४ वर जाऊन थांबली.

आपला सचिन तरी कुठे पुस्तकात बसला? लहानपणी मोठ्या भावाची, अजितची, बॅट हातात आली. अंगापेक्षा बॅट जड. म्हणून हात दांड्यावर अगदी खाली गेले. आचरेकर सरांनी ग्रिप बदलून बघायला सांगितली, त्यानंही बघितली, जमेना. परत जुनीच. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

आणि ॲडम गिलख्रिस्ट! २००७ च्या वर्ल्ड कप फायनलला त्यानं ग्लोव्हच्या आत स्क्वॉशचा बॉल लपवला. कशासाठी? खालच्या हाताची मूठ पूर्ण मिटूच नये म्हणून! श्रीलंकेविरुद्ध १०४ चेंडूंत १४९. मोसंबीचा नियम आठवा आणि टाळ्या वाजवा.

आमच्याकडे गोल्फ कधी आला?

भारतात गोल्फ रेल्वेच्या आधी आला! कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. मुंबईचा १८४२ चा, आणि बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली १८५३ मध्ये. म्हणजे साहेब आधी खेळला, मग रुळांवर आला.

नाशिकला जा आणि 'गोल्फ क्लब मैदान' विचारा. रिक्षावाला बरोबर नेऊन सोडेल, पण तिथे दिसेल क्रिकेट. रणजीचे सामनेही झालेत. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फ फक्त नावात उरलाय.

पण आपले गोल्फर आहेत! अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्याचा, १९८७ चा. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला होता. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला गेला तो राखीव यादीतून ऐनवेळी. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतली आणि मानेची बॅग भरली गेली.

आता आणखी मागे जाऊ. स्कॉटलंडमध्ये १४५७ साली राजानं गोल्फवर बंदी घातली होती, कारण पोरं धनुर्विद्येची प्रॅक्टिस सोडून गोल्फ खेळत बसायची. आणि जालना जिल्ह्यात स्कॉटिश पलटणी आल्या होत्या, माहीत आहे का? २३ सप्टेंबर १८०३, असई गाव. शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली भिडला तेव्हा त्याच्याकडे ७४ आणि ७८ नंबरच्या हायलँडर पलटणी होत्या. तोफांपुढे ७४ व्या पलटणीची दाणादाण उडाली. त्या दिवशी कुणाच्या हातात गोल्फ स्टिक नव्हती, एवढं नक्की.

शस्त्रांच्या मुठीचं म्हणाल तर आमचा दांडपट्टा बघा. त्याची मूठ पकडायची नाही, तिच्यात हात घालायचा! लोखंडी मोज्याच्या आत आडवी दांडी असते, ती धरायची. मनगट झाकलेलं, पातं थेट कोपरापासून पुढे आल्यासारखं. मनगट वळवायचा प्रश्नच मिटला. घाव बसताना पातं डगमगणार कसं? २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा मिळाला. गोल्फच्या नियमात अशी मूठ बसत नाही, नाहीतर आपण केव्हाच मेजर मारली असती.

नियम खरंच कडक आहेत हो. पटर (बॉल होलात ढकलायचा क्लब) सोडून बाकी सगळ्या क्लबांची ग्रिप गोलच हवी, बोटांसाठी खाचा पाडलेल्या चालत नाहीत. बॅगेत क्लब जास्तीत जास्त १४. आणि लांब पटर पोटाला किंवा छातीला टेकवून स्ट्रोक मारणं १ जानेवारी २०१६ पासून बंद. त्याआधी कीगन ब्रॅडलीनं २०११ मध्ये पोटाला टेकवलेल्या पटरनं मेजर जिंकून दाखवली होती.

भोकरदनची मूठ, इटलीची राख

इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. १९३८ मध्ये तिथे खोदताना काय सापडलं? हस्तिदंताची भारतीय बाई! दागिन्यांनी मढलेली, जेमतेम वीतभर उंच, डोक्यातून खाली भोक पाडलेलं. हे भोक कशाला? आरशाची मूठ असावी, असा एक अंदाज. नाही हो, फर्निचरचा पाय, असा दुसरा. १९७३ च्या सुमारास भोकरदनला उत्खनन झालं आणि अगदी तिच्या वळणाची हस्तिदंती मूर्ती निघाली. तशीच एक धाराशिवच्या तेरलाही. त्यामुळे पॉम्पेईची ती बाई मराठवाड्यातल्या कारागिराच्या हातची असावी, असं अभ्यासक मानतात. प्राचीन भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन, हेही जाता जाता. आरशाचा अंदाज खरा असेल तर रोमन मॅडम मेकअप करताना जालना जिल्ह्याची ग्रिप पकडून बसायच्या!

ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिकीट काढून बघता येते. भोकरदनहून थेट एसटी मात्र नाही.

आणि सगळ्यात लांबचा फटका? ६ फेब्रुवारी १९७१, चंद्र. अपोलो १४ चा कमांडर ॲलन शेपर्डनं माती गोळा करायच्या अवजाराच्या दांड्याला सिक्स-आयर्न क्लबचं डोकं अडकवलं. पण स्पेससूट इतका जाडजूड की दोन हात दांड्यावर जुळेनात. वार्डन नाही, निकलस नाही, पापवा नाही. एकाच हातानं मारला! पहिला फटका फसला. दुसरा मैलोन्‌मैल गेल्याचं त्यानं ऐटीत जाहीर केलं. पुढे पन्नास वर्षांनी फोटो स्वच्छ करून मोजलं तर भरला अवघा चाळीस यार्ड. पहिला तर चोवीस. क्लबचं डोकं शेपर्डनं सॉक्समध्ये घालून वर नेलं होतं, ते परत आलं आणि म्युझियममध्ये जाऊन बसलं. दोन्ही बॉल अजून तिथेच पडलेत, कॅडी मिळत नाहीये.